अडीच लिटर आणि एकशे बारा गाठी

पणजोबा सरकारी बंधाऱ्यावर पाण्याची उंची मोजायला होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मोजपट्टी धुतली, पुसली, वरिष्ठांच्या हाती दिली आणि धुताना निघालेला गाळ बंधाऱ्याचा म्हणून परत बंधाऱ्यात सोडला. आजोबा टपालखात्यात पाकिटांवर मोहोर मारीत. तीस वर्षांत त्यांनी सरकारी शाईने घरचे एक पत्र लिहिले नाही. घरची टाचणी सरकारी टाचण्यांत मिसळू नये म्हणून ती ते सदऱ्याच्या आतल्या बाजूला टोचून नेत, आणि टोचली तरी तक्रार करीत नसत. वडील वजनमापांचे निरीक्षक. निवृत्तीनंतर नवव्या दिवशी त्यांच्या विजारीच्या दुमडीत एक ग्रॅमचे सरकारी वजन सापडले. ते भर उन्हात चार कोस चालत गेले, वजन परत केले, आणि पोच हाती पडेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही.

अशा घराण्यात आपल्या कथानायकाचा जन्म झाला, हे त्याचे भाग्य की दुर्दैव, ते पुढे ठरेल.

पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत ते भांडारपाल होते. कार्यालयात त्यांना तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘पोटकलमराव’ म्हणत. कोणी साधी काचेची नळी मागायला आला तरी ते आधी नियमाचे कलम सांगत, आणि तो निराश होऊन वळला की त्याच्या पाठीला पोटकलम सांगत. आपणही त्यांना पोटकलमरावच म्हणू. त्यात अनादर नाही. ज्या माणसाने चोपन्न वर्षांच्या आयुष्यात लाल दिव्याला कधी पाय पुढे टाकला नाही, त्याचा अनादर करायला आपण कोण?

मात्र एवढ्या नियमनिष्ठ माणसाच्या आयुष्यातही एक पाप होते, आणि ते बरोबर अडीच लिटरचे होते.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीचा तिसरा महिना, नेमणूक अजून कच्ची, आणि दुसऱ्या दिवशी वार्षिक तपासणी. पोटकलमरावांनी उत्साहाच्या भरात भांडारातल्या बाटल्या अक्षरक्रमाने लावायला घेतल्या. तीव्र गंधकाम्लाची एकुलती एक बाटली तिच्या नव्या जागी जाण्याऐवजी जमिनीवर गेली. फरशीचा रंग कायमचा उडाला. त्या जागेवर त्यांनी आपली खुर्ची ठेवली आणि गेली एकतीस वर्षे ते तिथेच बसत आले आहेत. खोलीला रंग लावताना, विजेच्या तारा बदलताना, एकदा तर छत गळत असतानाही ते खुर्ची हलवू देत नाहीत, ही गोष्ट सहकारी त्यांच्या स्थिर स्वभावाचे उदाहरण म्हणून सांगतात.

बाटली फुटल्याची नोंद त्यांनी केली नाही. दुपारची बस पकडून ते शेजारच्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या भांडारपाल बाई वयाने चार वर्षांनी मोठ्या आणि बोलण्याने चाळीस. चहाच्या साखरेच्या डब्यालाही त्या कुलूप लावीत, म्हणून त्यांना ‘कुलूपबाई’ म्हणत. त्यांनी या तरुणाचे बोलणे ऐकले आणि कपाट उघडले.

“उसनी देते आहे. परत कधी?”

“आठ दिवसांत.”

“बसने जाणार? हादरे बसतील.” आणि एवढे बोलून त्यांनी आपल्या खांद्यावरची कथ्थई लोकरीची शाल काढली, बाटलीभोवती गुंडाळली आणि ते गाठोडे त्यांच्या कुशीत दिले.

बसमध्ये शेजारच्या बाईंनी ते गाठोडे प्रेमाने न्याहाळले. “झोपलंय वाटतं. कितीचं आहे?”

“अडीच,” पोटकलमराव म्हणाले, आणि उरलेला प्रवास त्यांनी खिडकीबाहेर बघत काढला.

तपासणी पार पडली, नेमणूक पक्की झाली, अडलेला तीन महिन्यांचा पगार हाती आला. त्या संध्याकाळी ते रिकामी शाल हातावर टाकून घरी परतले. दारात मातोश्री उभ्या होत्या. त्यांनी पगाराचे पाकीट पाहिले, शाल पाहिली आणि डोळ्यांना पदर लावला. “पहिला पगार, आणि आधी आईसाठी शाल!” पोटकलमरावांनी खरे सांगायला तोंड उघडले, तोवर मातोश्री शाल पांघरून शेजारच्या घरी पोचल्या होत्या. त्या चौथ्या घरातून बाहेर पडेपर्यंत खरे सांगण्याची वेळ टळून गेली होती. अशी वेळ एकदा टळली की ती परत येत नाही.

ही शाल पुढे मातोश्रींचा जणू एक अवयवच झाली. तिच्या दोन्ही टोकांना हाताने मारलेल्या गाठींची झालर होती, एकूण एकशे बारा गाठी. मातोश्रींना राग आला की त्या बोलत नसत. एकेक गाठ बोटाखालून सरकवीत मोजत. वीस-पंचवीसपर्यंत साधा राग. पन्नासच्या पुढे गेल्या की घरातली माणसे आपापल्या कामाला लागत. एकशे बारापर्यंत त्या फक्त एकदा पोचल्या होत्या, आणि ज्या नातेवाइकांवर तो राग होता, त्यांचे त्यानंतर घरी येणे बंद झाले.

तपासणीनंतरच्या धामधुमीत आठ दिवस उलटून गेले, आणि महिन्याभराने प्रयोगशाळेत धोकादायक वस्तूंच्या वाहतुकीची नियमावली येऊन पडली. पोटकलमरावांनी ती वाचली आणि त्यांच्या पायांखालची फरशी सरकली. आपण एका बसप्रवासात एकोणीस कलमे आणि चार पोटकलमे मोडली आहेत, हे त्यांना समजले. पुन्हा नियम मोडायचा नाही, अशी शपथ त्यांनी त्याच रात्री घेतली, आणि त्या शपथेतच बाटली अडकली. बसने न्यायची तर नियम आडवा. सरकारी गाडीने न्यायची तर मागणीपत्रात कारण लिहावे लागणार. कारण लिहायचे तर फुटलेली बाटली कबूल करावी लागणार. आठ दिवसांची एकतीस वर्षे झाली ती अशी.

दर जानेवारीत कुलूपबाईंचे पोस्टकार्ड येई. त्यावर सुंदर अक्षरात एकच शब्द असे: ‘बाटली?’ शालीचा उल्लेख कधीही नाही. पोस्टकार्ड उघडे असल्याने ते आधी शेजारी वाचत, आणि एक बाई दरवर्षी या सभ्य गृहस्थाकडे बाटली का मागते, यावर गल्लीत तीन मतप्रवाह होते. मातोश्रींनी मात्र कधी विचारले नाही. ‘कार्यालयीन बाब आहे,’ एवढे उत्तर त्यांना पुरे. तीन पिढ्या त्या घरातल्या बायकांनी कार्यालयीन बाब विचारली नव्हती.

यंदाचे पोस्टकार्ड लांब होते. ‘महिनाअखेर निवृत्त होते आहे. बाटली जागेवर आल्याशिवाय ना-हरकत पत्र नाही. ते नाही तर निवृत्तिवेतन नाही. अखेरच्या दिवशी पाच वाजता कपाटाला मोहोर लागेल. आपल्याकडून होणार नसल्यास तसे कळवावे, म्हणजे मी वाट पाहणार नाही.’

मातोश्रींनी ते मोठ्याने वाचले. मग खुर्चीत बसल्या आणि शालीचे टोक हातात घेतले.

“एक. दोन. तीन.”

“आई, मी सांगतो.”

“चार.”

पोटकलमरावांनी बाटलीबद्दल सगळे सांगितले, फुटणे, उसनवार, बसप्रवास. शालीबद्दल अवाक्षर काढले नाही. ती समोरच होती, तिच्याबद्दल तिच्या देखत बोलायचा धीर झाला नाही. मातोश्री साठाला थांबल्या.

“तुझ्या बापाने एका ग्रॅमसाठी चार कोस तुडवले. आणि तू एका बाईचं निवृत्तिवेतन अडवून एकतीस वर्षं खुर्ची उबवतोस? तीन दिवस आहेत ना हातात? बाटली पाचच्या आत तिच्या कपाटात गेली पाहिजे. आणि सरळ मार्गाने. चोरून नेलीस तर घरात घेणार नाही.”

आता बातमी गल्लीभर झाल्यावर सल्ले येणारच. शेजारचे औषधविक्रेते आले. “एवढं काय घेऊन बसलात! डब्यावर ‘मध’ लिहा आणि द्या पाठवून. कोण चाटून बघतंय?”

“चाटलं तर?” मातोश्रींनी विचारले.

“मग पुन्हा चाटणार नाही.”

वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या शिक्षिका अधिक विचारी. त्यांनी कागद मागितला. “रोज दोन चमचे न्या, काका. इतक्या थोड्या आम्लाला कोण हटकणार? अडीचशे दिवसांत काम होतंय.” उरलेले दिवस तीनच आहेत, हे लक्षात आणून दिल्यावर त्यांनी चमच्याचा आकार वाढवून उदाहरण पुन्हा सोडवले. उत्तरात बादली आली, तेव्हा त्या खाली मान घालून वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी पोटकलमराव एका खासगी माल वाहतूक कंपनीत गेले. गल्ल्यावरच्या माणसाने ‘आम्ल’ हा शब्द ऐकताच पेन खाली ठेवले आणि खणातून बारा पानी अर्ज काढला. उंचावरून टाकून तपासलेली पेटी हवी. दोन्ही बाजूंना धोक्याच्या चिठ्ठ्या हव्यात. दिवसरात्र उचलला जाईल असा दूरध्वनी हवा. आणि पाठवणाऱ्याकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे. पुढचा वर्ग चार महिन्यांनी.

“अहो, मी सरकारी कर्मचारी आहे,” पोटकलमराव ताठ होत म्हणाले. “वस्तू सरकारी, काम सरकारी.”

“साहेब, तुमच्या हातात आहे तोवर सरकारी. माझ्या गाडीत चढलं, की ते नुसतं अ‍ॅसिड.”

एकतीस वर्षे दुसऱ्यांना कलमे ऐकवलेल्या माणसाला कोणीतरी कलम ऐकवले होते, आणि दुःख हे की ते बरोबर होते. ते घरी आले तेव्हा त्यांची इस्त्री उतरली होती.

त्या संध्याकाळी मातोश्रींनी जेवणाचे टेबल पुसून घेतले, नियमावली मागवली आणि मुलाला ती पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लावली, शाळेत असताना पाढे म्हणायला लावीत तशी. दीड तासाने, मातोश्रींचा डोळा लागत असताना, पोटकलमरावांचा आवाज एकदम चढला. “नियम कोणाला लागू नाहीत, ऐक! सरकारी कर्मचारी स्वतः, सरकारी वाहनातून, निव्वळ सरकारी कामासाठी, कोणतंही भाडं अथवा मोबदला न घेता वस्तू नेत असेल तर ही नियमावली लागू नाही! यात स्थानिक संस्थाही आल्या!”

“हे कितव्या पानावर आहे?”

“सातव्या.”

“आणि तू एकतीस वर्षं सहाव्यावर थांबला होतास?”

ते वाक्य त्यांनी शंभरदा वाचले होते. अडचण ‘सरकारी काम’ या दोन शब्दांची होती. ते काम कोणते, हे कागदावर आले पाहिजे. त्या रात्री पोटकलमरावांनी जीपचे मागणीपत्र लिहिले. कारणाच्या रकान्यात जागा पुरेना म्हणून जोडपत्र लावले. त्यात बाटली फुटल्याची तारीख, वेळ, फरशीचे क्षेत्रफळ, खुर्चीचे रहस्य, सर्व काही लिहिले. शेवटी ‘योग्य त्या कारवाईस मी पात्र आहे’ असे लिहून खाली सही केली. सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, निलंबनाचा हुकूम ताठ मानेने घेता यावा म्हणून.

प्रयोगशाळाप्रमुख फोनवर बोलत होते. त्यांनी बोलता बोलता सही केली.

“साहेब, जोडपत्र...”

“हो, हो, छान आहे.”

“साहेब, त्यात मी बाटली फोडली आहे.”

प्रमुखांनी फोनवर हात ठेवला. “अहो, मग झाडूवाल्या बाईंना बोलावून काच उचलून घ्या. कशाला माझा वेळ घेता?”

आयुष्यभर उराशी जपलेले पाप कोणी वाचलेसुद्धा नाही! पोटकलमराव बाहेर आले, स्वतःच्या हाताने खुर्ची बाजूला सरकवली आणि तो पांढरा डाग सर्वांसमोर उघडा केला. एका लिपिकाने तिथे पाहिले आणि म्हणाला, “बरं झालं, इथे कपाट मावेल.”

वरच्या मंजुरीला आणि परतफेडीसाठी भांडारातून काढलेल्या नव्या बाटलीच्या पोचपावतीला दुपारचा एक वाजला. दुसरे शहर पन्नास किलोमीटरवर. वाळू भरलेल्या लाकडी पेटीत बाटली पक्की बसवून पोटकलमराव जीपपाशी आले, तर पुढच्या आसनावर मातोश्री बसलेल्या. अंगावर शाल.

“आई, तू सरकारी कर्मचारी नाहीस.”

“तुझे पणजोबा, आजोबा आणि वडील सरकारचे होते. कर्मचारी नसेन मी, पण सरकारच्या घरातली आहे. चल.”

“निदान ती शाल तरी ठेव. उकडेल.”

“थंडी आहे.”

“गाडीत धूळ उडते. इतकी वर्षं जपलीस...”

“तुझ्या सरकारी कामाला जाताना तुझ्या पहिल्या पगाराची शाल नको?” यावर पोटकलमरावांपाशी कलम नव्हते. त्यांनी चालकाकडे पाहिले. एकाएकी त्यांना शंका आली. “तुमची नेमणूक कोणाची?”

“ठेकेदाराची, साहेब. सात वर्षं झाली.”

“उतरा.”

“का हो?”

“तुम्ही खासगी आहात. बाटली तुमच्या ताब्यात गेली, तर सगळी नियमावली लागू.”

“आणि मी रोज साहेबांना घेऊन जातो ते?”

“साहेब धोकादायक वस्तूंच्या यादीत नाहीत.”

“यादी करणाऱ्याला साहेब माहीत नसतील,” चालक म्हणाला आणि चावी दिली. पोटकलमरावांकडे परवाना होता. त्याचे त्यांनी दर वेळी मुदतीआधी नूतनीकरण केले होते. पंधरा वर्षांत वापरला मात्र नव्हता. जीप तीनदा बंद पडून चौथ्यांदा उडी मारून निघाली. मागून स्कूटरवर चालक, जीपची काळजी म्हणून, दर वळणावर ओरडत येत होता: “क्लच, साहेब, क्लच!”

“तो कोणाला हाका मारतोय?” मातोश्रींनी विचारले. “सात. आठ.”

बत्तिसाव्या किलोमीटरला जीपने धूर सोडला आणि डोळे मिटले. तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. चालकाने बॉनेट उघडून पाहिले आणि ते हळूच लावले. तेवढ्यात एक टोचणगाडी आपणहून येऊन थांबली. “ओढून नेतो, चला.”

“खासगी?” पोटकलमरावांनी विचारले.

“म्हणजे काय, स्वतःची आहे!” तो माणूस अभिमानाने म्हणाला, आणि त्याला नकार देणे पोटकलमरावांच्या फार जिवावर आले. ओढणारे वाहन खासगी असेल तर ओढले जाणारे सरकारी वाहन सरकारी राहते का, यावर नियमावली गप्प होती. जिथे नियमावली गप्प, तिथे पोटकलमराव हलत नसत. त्यांनी जीप टोचणगाडीबरोबर जाऊ दिली, तिच्यामागे चालकाची स्कूटर गेली, आणि ते पेटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. शेजारी मातोश्री, चाळिसाव्या गाठीवर.

बस गेली, दुधाची गाडी गेली. साडेतीन वाजता एक लांब, पांढरी, बंद गाडी संथपणे आली. दारावर नगरपालिकेचे चिन्ह, खाली काळ्या अक्षरात ‘शववाहिका’.

पोटकलमरावांनी हात केला. गाडी थांबली. गलेलठ्ठ चालकाने दोघांकडे पाहिले आणि आदबीने डोके झुकवले. “कोण गेलं?”

“कोणी नाही. आपण कायम नोकरीत आहात का?”

चालकाला आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ विचारले होते, हे नव्हते विचारले. “बावीस वर्षं. कायम. का?”

“रिकामे चाललात?”

“दुरुस्तीवरून परत. त्याच शहरात.”

“भाडं घेणार नाही ना?”

“अहो, बसा की! जिवंत माणसांकडून काय घ्यायचं!”

पेटी मागे, जिथे ठेवायची तिथे ठेवली. पोटकलमराव तिच्याशेजारी लांबट बाकावर बसले. मातोश्री पुढे. त्यांना फुकट बसणे मुळीच मान्य नव्हते. त्यांनी दोनदा पैसे पुढे केले, दोन्ही वेळा मागून “आई, मोबदला नको!” असा आर्त आवाज आला. मग त्यांचे लक्ष चालकाच्या गणवेशाकडे गेले. गळ्याचे बटण नव्हते. त्यांनी पिशवीतून सुईदोरा काढला, पुढच्या फाटकाशी गाडी थांबली तेवढ्यात बटण लावून दिले आणि मगच टेकून बसल्या.

वाटेत माणसे थांबत होती. एका शाळेची मुले ओळीने उभी राहिली. चौकातल्या वाहतूक पोलिसाने सगळी वाहने अडवून सलाम ठोकला. मागच्या काचेतून पोटकलमरावांनी सवयीने तो स्वीकारला, आणि पोलीस दोन पावले मागे सरकला.

“तुझ्या वडिलांना निवृत्तीच्या दिवशी एवढा मान मिळाला नव्हता,” मातोश्री म्हणाल्या.

चार वाजून चाळीस मिनिटांनी शववाहिका त्या शहरातल्या प्रयोगशाळेच्या आवारात शिरली. तिथे खुर्च्या मांडून निरोपसमारंभ चालू होता. प्रमुख बोलत होते, “...आणि आता बाईंच्या पुढच्या प्रवासासाठी...” एवढ्यात गाडी नेमकी व्यासपीठापाशी थांबली. सगळे उठून उभे राहिले. कोणीतरी हुंदका दिला.

पहिल्या खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या, ताठ पाठीच्या कुलूपबाई बसल्या होत्या. त्यांनी गाडीवरची अक्षरे शांतपणे वाचली. “निवृत्तच होते आहे मी,” त्या म्हणाल्या. “एवढी घाई कोणाला झाली?”

मागचे दार उघडले. धुळीने माखलेले पोटकलमराव पेटी कवटाळून खाली उतरले.

“बाटली,” ते म्हणाले. एकतीस वर्षांचे उत्तर एका शब्दात आले.

पण कपाटाशी मुख्यालयाचे तपासनीस उभे होते, हातात लाख आणि मोहोर. “आणली कशी?”

हा प्रश्न विचारला जावा म्हणून पोटकलमराव आयुष्यभर थांबले होते. “सरकारी कर्मचाऱ्याने, सरकारी वाहनातून, सरकारी कामासाठी. पान सात.”

“मोबदला?”

“शून्य.”

“बटण लावून दिलं फक्त,” मातोश्री म्हणाल्या. त्यांना खोटे चालत नसे, आणि अर्धवट खरेही.

तपासनिसांची भुवई वर गेली. “कोणी? कोणाला? म्हणजे वाहतुकीच्या बदल्यात सेवा दिली गेली?” घड्याळात चार वाजून एकोणपन्नास मिनिटे झाली होती. एका बटणावर अडीच लिटर लटकले होते.

मातोश्री दोन पावले पुढे झाल्या. “बटण लावलं मी. मी सरकारी नाही, बाटली माझी नाही, आणि हा गाडीवाला आधीच हो म्हणाला होता. उघड्या गळ्याचा माणूस सरकारी गणवेशात मला बघवत नाही. तो रिकामा चालला असता तरी लावलं असतं. तुमच्या बाहीचंही लोंबतंय. द्या इकडे.”

तपासनिसांनी बाही झटकन पाठीमागे घेतली आणि दुसऱ्या हाताने कपाट उघडले. बाटली आपल्या जागेवर बसली. कुलूपबाईंनी कुलूप घातले, त्यावर लाख लागली, ना-हरकत पत्रावर सही झाली. पाचला चार मिनिटे होती.

टाळ्या वाजल्या. कुलूपबाई आभार मानायला मातोश्रींकडे वळल्या, आणि त्यांची नजर खांद्यावर थांबली. हात आपोआप झालरीकडे गेला, आणि तसाच मागे आला.

“काय झालं?” मातोश्रींनी विचारले.

“काही नाही. शाल छान ठेवलीत.”

“मुलाने दिलेली. पहिल्या पगाराची.”

“हो का?” कुलूपबाई म्हणाल्या. “गुणी मुलगा आहे.” आणि त्यांनी त्या मुलाकडे पाहिलेही नाही.

तिथेच सगळे संपले असते. कागद झाले होते, कोणत्याही नोंदीत शाल नव्हती. पण पोटकलमरावांना त्या न पाहण्याने असे पकडले, की तसे कोणत्या तपासनिसाने कधी पकडले नसते.

“आई, ती मी घेतलेली नाही. बाटली तिच्यात गुंडाळून आणली होती. शाल यांची आहे.”

मातोश्रींनी झालर हातात घेतली.

“एक. दोन.”

शववाहिकेच्या चालकाने टोपी काढली. वीस झाल्या, पन्नास झाल्या. साठाला कुलूपबाईंना राहवले नाही: “अहो, असू द्या, इतकी वर्षं तुम्हीच...” मातोश्रींनी बोट वर केले. सत्तर. नव्वद. पोटकलमरावांनी मान खाली घातली. शंभराला मातोश्रींचा आवाज जरा खाली आला, आणि तो रागाने आला नव्हता.

“एकशे बारा.”

त्यांनी शाल खांद्यावरून काढली. झटकली, टोकाला टोक जुळवून चारपदरी घडी केली, एक सुरकुती तळव्याने सरळ केली आणि दोन्ही हातांनी कुलूपबाईंपुढे धरली. थंड वाऱ्यात त्यांचे खांदे एकदम लहान दिसू लागले. मान मात्र होती तिथेच होती.

“आमच्या घराने कोणाचं ठेवलेलं नाही. एकही गाठ सुटू दिलेली नाही. मोजून घ्या.”

“मोजायला कशाला हव्यात?” कुलूपबाई म्हणाल्या. “या हातांनीच मारल्यात त्या.”

“तरी मोजा.”

कुलूपबाईंनी शाल उराशी घेतली, झालरीचे टोक उलगडले आणि मोजायला लागल्या. समारंभ थांबला, प्रमुखांचे भाषण अर्धेच राहिले, आतल्या भिंतीवर पाचाचे ठोके पडून गेले. जिथे गाठ पुसट लागे तिथे त्या थांबत, आणि मातोश्री वाकून बोटाने दाखवीत.

“एकशे अकरा,” कुलूपबाई म्हणाल्या. “एकशे बारा. पूर्ण आल्या.”